कच्चं, पक्कं आणि काढलेलं

ध्वनिविभागाच्या ड्राइव्हवर ‘आई’ नावाचं फोल्डर दिसलं तेव्हा माझ्या हातातल्या कॉफीचं काहीच झालं नाही. ती सांडली नाही, कप निसटला नाही. मी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पडद्यावरची यादी उगाच वर सरकवून पुन्हा खाली आणली, जणू तेवढ्या वेळात ते फोल्डर शहाण्यासारखं उठून निघून जाणार होतं. गेलं नाही. वर ‘अभ्यासगीतं’, खाली ‘इंग्रजी उच्चार’ आणि मध्ये आई. अ, आ, इ, अगदी शाळेतल्यासारखं. आमच्या संस्थेत शाळांसाठी पुस्तकं, नकाशे आणि ऐकायचे धडे तयार होतात, तेव्हा आई नावाचा एखादा धडा असणं अशक्य नव्हतं. पण फोल्डर बनवणाऱ्याचं नाव शेजारीच होतं, आणि ते माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी माझ्याजवळ आईचा चष्मा होता, न संपलेल्या गोळ्यांची पाकिटं होती, तिच्या खुर्चीवरची उशी होती. आणि इथे, माझ्याच नेटवर्कवर, माझ्याच पहाऱ्यात, बारकीने आई ठेवली होती आणि मला सांगितलं नव्हतं.

माझं काम राखणीचं. लोक लिहितात, काढतात, गातात. त्या सगळ्याची एक प्रत माझ्याकडे येऊन पडते आणि मूळ हरवेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आजवर प्रत्येक विभागाचा सर्व्हर वेगळा होता. हिशेबवाल्यांचा कपाटात कुलूपबंद, चित्रवाल्यांचा टेबलाखाली पाय ठेवायला, ध्वनिविभागाचा खिडकीशी आणि त्याच्यावर कुंडी. या वर्षी साहेबांनी ठरवलं की सगळ्यांचे सामायिक ड्राइव्ह एका मोठ्या यंत्रावर आणायचे, त्यांचा बॅकअप एका जागेवरून लावायचा, आणि जुनी यंत्रं मोडीत काढायची. ‘एका जागेवरून’ म्हणजे माझ्या टेबलावरून. मग मी विभागाविभागातून फिरले. काय ठेवायचं, काय वगळायचं, हे विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: आमचं सगळंच महत्त्वाचं आहे, त्या शेजारच्यांचं मात्र जरा बघा, नुसता कचरा भरलाय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हिशेबवाल्यांकडे तर त्यांनीच लावलेला बॅकअप कित्येक महिने रोज हिरवी खूण दाखवत होता. मी जाऊन पाहिलं तर ड्राइव्ह जोडलेलाच नव्हता. एका रिकाम्या फोल्डरची प्रत रोज इमानेइतबारे निघत होती. रिकाम्याची प्रत रिकामीच, यंत्राला त्यात काही चूक दिसत नाही. त्यांचे प्रमुख घाम पुसत म्हणाले, “अहो, पण हिरवं दिसत होतं ना!” मी हसले खरी, पण त्या संध्याकाळी घरी जाऊन कुलूप उघडताना ती हिरवी खूण डोळ्यांसमोरून हलेना. कसं चाललंय, असं मला कुणी विचारलं की मीही ‘छान’ म्हणते.

बारकीला ऑफिसात कानसेन म्हणतात. कुणाच्या रेकॉर्डिंगमध्ये लांबून पंखा ऐकू येतोय, कुणाच्या दातात कट् होतंय, हे तिला हेडफोन न लावताही कळतं म्हणे. या नोकरीचा अर्ज मीच तिला आणून दिला होता. मी इथे तिच्या आधीपासून आहे, आणि आता नवीन माणसं मला विचारतात, तुम्ही आमच्या कानसेनच्या बहीण का? मी हो म्हणते. माझा चेहरा त्या वेळी कसा दिसतो हे मला माहीत नाही, पण ती माणसं लगेच हवापाण्यावर येतात. जागावाटपाच्या बैठकीत सगळे विभाग माझ्याशी इंचाइंचासाठी भांडले. बारकी उशिरा आली, दाराशीच कुणाच्या तरी खुर्चीला अडखळली, स्वतःच हसली आणि म्हणाली, “आमच्याकडे कच्चं फार जड असतं हो. एका धड्याचे दहा दहा वेळा आवाज घेतो. ते नका ठेवू. पक्कं तेवढं ठेवा, पण त्याला जागा ऐसपैस द्या.” साहेबांनी तिला मागितल्याच्या दुप्पट जागा दिली. माझ्याकडे बघून म्हणाले, “बघा, असं स्पष्ट सांगितलं की बरं असतं.” मी वहीत लिहून घेतलं: कच्चं वगळायचं. स्पष्ट मीही सांगते. मी सांगितलं की त्याला कटकट म्हणतात.

मला तिचा हेवा वाटतो. हे वाक्य मी कुणाला ऐकवलेलं नाही, पण मनात ते इतकं वापरलंय की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात. हेवा म्हटलं की लोकांना वाटतं, धाकटीला नवं मिळालं असेल, मोठीला जुनं. आमच्याकडे उलट होतं. नवा फ्रॉक मला यायचा. मी तो जपून घालायची, डाग पडू द्यायची नाही, बसताना मागचा घेर सारखा करून बसायची. मला आखूड झाला की तो बारकीला जायचा, आणि तिने तो अंगात घातला की आई हातातलं काम टाकून म्हणायची, “अगंबाई, तुझ्यावर किती खुलून दिसतो गं!” तोच फ्रॉक. मीच जपलेला. एक निळा होता, पांढऱ्या कॉलरचा. तो तिने पहिल्याच दिवशी झाडाच्या फांदीत अडकवून फाडला, आणि आई तो शिवताना हसत होती. मी फाडला असता तर काय झालं असतं ते कधी कळलं नाही, कारण मी फाडलाच नाही. माझ्या सगळ्या तक्रारींचं मूळ इथेच असावं. ज्याला कधी काही झालं नाही त्याची काळजी कुणी करत नाही, मग तो फ्रॉक असो, डिस्क असो की मोठी मुलगी.

लग्न करून बारकी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि आई माझ्याजवळ राहिली. राहिली म्हणजे माझ्या हातचं जेवली, माझ्या हातून औषध घेतलं, आणि बारकीचा फोन आला की खुर्चीतल्या खुर्चीत तरुण झाली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझ्याशी आईचं बोलणं असं: दूध उतू जाईल. दार लावलंस का? आज उशीर झाला. आणि माझं आईशी: गोळी घेतलीस का? पाणी प्यायलीस का? पाय वर घे. मी बोलायची तेही स्वयंपाकघरातून, कामाच्या गडबडीत, वरच्या पट्टीत. बारकी यायची ती तिच्याजवळ जमिनीवर बसायची, तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवायची आणि म्हणायची, “आई, काहीतरी सांग ना.” मग आई सांगायची. ज्या गोष्टी मी कधी ऐकल्या नव्हत्या त्या मला भांडी घासता घासता, नळाच्या आवाजातून, अर्ध्यामुर्ध्या ऐकू यायच्या.

शेवटी आई दवाखान्यात होती तेव्हा दिवसा बारकी बसायची आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी. खरं तर रजा मलाही मिळाली असती. मी घेतली नाही; एकीची रजा असताना दुसरीची कशाला, असं काहीतरी तोंडाने म्हणाले आणि मनात म्हणाले, बघू दे हिला पण. एकदा मी थोडी लवकर पोचले. खोलीच्या दाराला काच होती. आत आईच्या डोक्यावर बारकीचे ते मोठे काळे हेडफोन होते, डोळे मिटलेले होते, आणि तोंडावर असं हसू होतं की मी दार उघडायचं सोडून बघतच राहिले. माझ्या घरात इतकी वर्षं राहून हे हसू मला दिसलं नव्हतं. मी आत गेले तशी बारकीने पटकन हेडफोन काढून पिशवीत घातले. “काय ऐकत होतात?” मी विचारलं. “काही नाही गं, गाणी,” बारकी म्हणाली. आईने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आलीस का? हात धू आधी.” मी हात धुतले. बेसिनवरच्या आरशात त्या दोघी एकमेकींकडे बघून हसताना दिसल्या. त्या हसण्यात मी होते की नव्हते, यावर मी नंतर किती विचार केला त्याला हिशेब नाही. पराचा कावळा करायला मला पर तरी लागतं. इथे अख्खा कावळाच समोर होता.

तर ते फोल्डर. माझ्या पासवर्डला या इमारतीत कुठेही मज्जाव नाही. बॅकअप घेणाऱ्या खात्याला सगळं वाचता यावं लागतं, त्याशिवाय प्रत निघत नाही, आणि म्हणून विश्वासाने दिलेली ती किल्ली आहे. वाचता येतं म्हणून वाचायचं नसतं. मी आजवर कुणाचं काही उघडलं नव्हतं, हिशेबप्रमुखांच्या कविता होत्या त्यादेखील नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि ‘आई’ उघडलं. आत तीन फाइली: कच्चं, पक्कं, काढलेलं. तिन्हींचा आकार सारखाच. याचं नवल वाटायला नको, ध्वनीच्या फाइलीत गप्प बसलेल्या मिनिटालाही बोललेल्या मिनिटाइतकीच जागा लागते. मी ‘पक्कं’ लावलं.

आईचा आवाज आला. “बरं, आता काय बोलू?” एवढंच, आणि मी कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. आवाज इतका स्वच्छ होता की तो कुठल्या खोलीतला आहे हेच कळेना. आई म्हणजे मागे पंखा, शेजारचा टीव्ही, नळ, माझी भांडी. इथे त्यातलं काही नव्हतं. काळ्या रिकाम्या जागेत आई एकटी बोलत होती. ती सायकल शिकल्याची गोष्ट सांगत होती. लग्नानंतर, घरामागच्या मैदानात, बाबा मागून सीट धरून पळत होते. “मी म्हणतेय, सोडू नका हं, सोडू नका हं, आणि मागून उत्तरच नाही. वळून बघते तर हे केव्हाचे लांब उभे! मग काय, पडलेच मी.” ती हसली. मी ही गोष्ट पूर्ण कधी ऐकली नव्हती. मला फक्त शेवटचं ‘पडलेच मी’ माहीत होतं, आणि इतकी वर्षं वाटत होतं की ती न्हाणीघरात पडल्याचं सांगतेय. पुढे काहीतरी बाबांबद्दल सांगता सांगता ती मध्येच थांबली. एक रिकामी जागा गेली, पूर्ण काळी. मग आई म्हणाली, “ओरडू नकोस गं, ऐकतेय मी.” आणि पुन्हा, “हां, तर काय सांगत होते…”

त्या रिकाम्या जागेत मी होते. मला तो दिवस लख्ख आठवला. सुट्टीचा दिवस, बारकी मोठी पिशवी घेऊन आली होती, दोघी आतल्या खोलीत, आणि मी स्वयंपाकघरात कुकर लावून गोळ्यांची वेळ झाली म्हणून ओरडत होते. कानसेनने पंखा काढला, टीव्ही काढला, कुकर काढला आणि त्याच हाताने मला काढलं. एकदा नाही, मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. जिथे जिथे मी असायला हवी तिथे ती काळी जागा. आई त्या जागेला उत्तर देत होती. मी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. फ्रॉक घेतलास, हसू घेतलंस, गोष्टी घेतल्यास, म्हटलं घे. पण मी तिथे होते गं. रोज होते. ते तरी ठेवायचंस. तिसरी फाइल, ‘काढलेलं’, मी उघडली नाही. कचऱ्याच्या टोपलीत आपण कसे पडलोय हे वाकून बघायची मला हौस नव्हती.

मग मी जे केलं ते संपूर्ण नियमात बसणारं होतं. सामायिक ड्राइव्हवर वैयक्तिक गोष्टी ठेवू नयेत, असतील तर ठरल्या तारखेच्या आत काढून घ्याव्यात, नंतर त्या मिळणार नाहीत: असं पत्रक मीच सगळ्या विभागांना पाठवलेलं होतं. चित्रवाल्या एका बाईने लग्नाचे फोटो काढून नेले, हिशेबप्रमुखांनी कविता नेल्या. बारकी माझी पत्रकं वाचत नाही हे मला माहीत होतं. आम्ही दोघी एका इमारतीत काम करतो, जिन्यात भेटतो. ‘अगं, ते फोल्डर काढून घे,’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडी सांगणं माझ्या कामात बसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते लगेच पटलंही. ‘पक्कं’ची एक प्रत मी माझ्या डिस्कवर घेतली, तपासणीसाठी म्हणून. मग ध्वनिविभागाच्या बॅकअपमध्ये, वगळायच्या गोष्टींच्या चौकटीत, ‘आई’ लिहिलं. नव्या ड्राइव्हवर हलवायच्या यादीतही ‘आई’समोरची खूण काढली. आता आई एकाच ठिकाणी राहणार होती, माझ्याकडे. पहिला पूर्ण बॅकअप व्यवस्थित झाला आणि सगळ्या विभागांसमोर हिरव्या खुणा उमटल्या. साहेब येऊन म्हणाले, “वा!” त्यांनी मला याआधी कधी वा म्हटल्याचं आठवत नाही, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

जुनी यंत्रं खाली तळघरात नेली. त्यांच्या डिस्का काढून त्यांना भोकं पाडायला बाहेरून माणूस येतो. नियम असा की कुणीतरी समोर उभं राहायचं. मी उभी राहिले. ध्वनिविभागाच्या यंत्रावर कुंडीचा गोल मातीचा डाग होता. ड्रिलचा आवाज तळघरात भरून राहिला, धातूचा वळलेला भुगा जमिनीवर पडला, आणि त्या माणसाने चष्मा वर करून विचारलं, “काही राहिलं नाही ना घ्यायचं?” ही त्याची नेहमीची थट्टा असावी. मी मान हलवली. नंतर काही दिवस मला खरंच बरं वाटत होतं. घरी जायचे, आईच्या खुर्चीसमोर बसायचे, सायकलची गोष्ट ऐकायचे. काळी जागा आली की पुढे सरकवायचे. पण हळूहळू त्या स्वच्छ आवाजाची मला भीती वाटायला लागली. आई असं कधी बोललीच नव्हती, मागे काहीच नसताना. आणि बारकी जिन्यात दिसली की मी फोन कानाला लावायचे.

ती आली ती दुपारी, हातात दोन कप कॉफी घेऊन, दार कोपराने ढकलत. चोराच्या मनात चांदणं. मी आधी पडद्यावरची खिडकी बंद केली आणि मग तिच्याकडे बघितलं.

“ताई, माझं एक फोल्डर नवीन ड्राइव्हवर दिसत नाहीये गं.”

“कुठलं?”

“आई.” ती सहज म्हणाली, जसं कुणी ‘इयत्ता तिसरी’ म्हणेल.

माझं वाक्य केव्हाचं तयार होतं. “वैयक्तिक गोष्टी काढून घ्या म्हणून पत्रक होतं.”

“तुझी पत्रकं कोण वाचतं! पाठ आहेत मला. ‘सर्व विभागांना कळविण्यात येते की.’” तिने माझ्या आवाजाची नक्कल केली आणि कॉफी माझ्यापुढे सरकवली. “बरं, ओरडू नकोस. पक्कं गेलं असेल तर राहू दे, त्याची छोटी प्रत माझ्या फोनमध्ये आहे. मला काढलेलं हवंय.”

“काढलेलं म्हणजे कचरा ना?”

“कचरा काय? तू आहेस त्यात.”

तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून ती टेबलाच्या कडेवर बसली आणि मला समजावायला लागली, लहान मुलाला समजावतात तसं. “अगं, एका रेकॉर्डिंगमधून आवाज वेगळा केला की दोन तुकडे निघतात. एक तो आवाज आणि दुसरं, तो काढल्यावर उरतं ते. मला उरलेलं हवं होतं. त्यासाठी आईला त्यातून उचलावं लागलं, म्हणून ते पक्कं झालं. दवाखान्यात झोप लागायची नाही ना तिला. मी आधी तिची ती सायकलची गोष्ट लावली तर म्हणाली, मला माझंच काय ऐकवतेस, मी काय बहिरी आहे? मग म्हटलं, काय लावू? तर म्हणाली, घर लाव.”

“घर?”

“हो. कुकर, नळ, तुझी ती भांड्यांची आदळआपट, आणि तू. गोळी घेतलीस का, पाणी प्यायलीस का, पाय वर घे. रोज दुपारी तेच. म्हणायची, बारके, घर लाव गं. आणि तू ओरडलीस की हसायची. मध्ये मध्ये उत्तरं पण द्यायची, घेतली बाई, घेतली.” बारकी हसली, मग नाक ओढलं. “एकदा तू लवकर आलीस तेव्हा पकडलेच गेलो होतो.”

“गाणी म्हणाली होतीस.”

“तिनेच सांगितलं होतं, ताईला बोलू नकोस. तिला कळलं तर लाजेल आणि ओरडायची बंद होईल. मग घरी गेल्यावर मला कोण ओरडणार?” बारकीने कपातल्या कॉफीकडे बघितलं. “नंतर सांगणार होते मी तुला. पण तू नीट बोलतेस कुठे माझ्याशी? काल घरी कुकर लावला, शिट्टी झाली, आणि एकदम वाटलं, ऐकावं. म्हणून बघायला गेले तर नाहीच.”

“दुसरीकडे कुठे ठेवलं नाहीस?” माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला, स्वयंपाकघरातून यावा तसा.

“कशाला ठेवू? दवाखान्यात लावायचे तो फोन केव्हाच बदलला, लॅपटॉप पडतो. म्हटलं ताईच्या राज्यात असू दे, तिथून काही हरवत नाही.” ती उठली. “शोध सावकाश, घाई नाही. मी स्टुडिओत आहे.” दारातून मागे वळून म्हणाली, “आणि ती कॉफी पी, गार होईल.” हे ती अगदी आईसारखं म्हणाली. या वेळी मला राग आला नाही, आणि राग न आल्यामुळे धरायला काहीच उरलं नाही.

मी शोधलं. जे नाही हे मला माहीत होतं ते मी शोधलं. ध्वनिविभाग, तारीख, त्या आधीची तारीख. प्रत्येक तारखेसमोर हिरवी खूण, आत ‘अभ्यासगीतं’, त्याच्या खाली थेट ‘इंग्रजी उच्चार’. मधला आ कुठे गेला हे यंत्र विचारत नाही, त्याला वगळायला सांगितलं की ते वगळतं. त्या तिसऱ्या फाइलीला एकदा हात लावला असता, एकदा, तर कुकरची शिट्टी ऐकू आली असती आणि मागून माझा आवाज. मी आयुष्यभर आईच्या तोंडून स्वतःला ऐकायची वाट बघत होते. तिने मला ऐकलं होतं, रोज दुपारी, डोळे मिटून. ते हसू माझं होतं. काचेच्या अलीकडे उभी राहून मी माझ्याच हसण्यावर जळत होते, आणि मग ते भोकं पाडायला देऊन आले होते, समोर उभी राहून, नियमाप्रमाणे.

हेडफोन लावले. माझ्याकडे होतं ते ‘पक्कं’ लावलं. सायकल, मैदान, सोडू नका हं, पडलेच मी. काळी जागा आली. मी म्हणाले, “आई, गोळी घेतलीस का?” आवाज निघालाच नाही धड, घशातल्या घशात पुटपुटल्यासारखं झालं, इतक्या हळू मी आईशी जन्मात बोलले नव्हते.

“ओरडू नकोस गं,” आई म्हणाली, “ऐकतेय मी.”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. कॉफी गार झाली होती, ती पिऊन टाकली आणि जिना चढून स्टुडिओकडे गेले. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. इमारतीतलं कुठलंही दार मला उघडतं, पण तो दिवा चालू असताना साहेबसुद्धा आत जात नाहीत. काचेतून बारकी दिसली. तिने मला बघितलं, भुवया उंचावून विचारलं, सापडलं? मी मान हलवली, ती हो आहे की नाही हे तिला कळलं नसावं, कारण ती हसली आणि एक बोट वर करून थांब म्हणाली. सांगायचं वाक्य लहानच होतं आणि त्यात पत्रकाचा उल्लेख नव्हता. मी थांबले. आत ती कुणाच्या तरी आवाजातून बाकीचं सगळं वेगळं करत होती, आणि काढलेलं ती टाकून देत नाही, हे आता मला माहीत होतं.